एमजी टीडी: कारखान्यातला बदल कोणता आणि मिस्त्रीच्या हातचा कोणता?

अंबाजोगाईच्या एका वाचकांनी प्रश्न पाठवला आहे. त्यांचे आजोबा डॉक्टर होते. १९५८ च्या सुमारास त्यांनी हैदराबादहून एक एमजी टीडी आणली, उघड्या टपाची, दोन सीटची. गेली कित्येक वर्षं ती वाड्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. मध्यंतरी पुण्याहून एक ग्राहक पाहून गेला आणि म्हणाला, गाडी ‘मिक्स’ आहे. त्याचे आक्षेप चार: चेसिसचा आणि इंजिनचा नंबर जुळत नाही, इंजिनच्या पट्टीवर टीडी२ आहे म्हणजे ते दुसऱ्या मॉडेलचं, मागचे दिवे चौकोनी आहेत, ते गोल हवेत, चाकं पत्र्याची आहेत, एमजीला तारेची असतात. एवढं बोलून त्याने किंमत निम्म्यावर आणली. वाचकांचं म्हणणं: यात खरं किती, आणि कारखान्याने काय केलं नि नंतर काय बदललं हे आपलं आपण ओळखायचं कसं? सोबत त्यांनी चेसिसच्या नंबराचा पेन्सिलने घेतलेला ठसा, इंजिनच्या पट्टीचा फोटो आणि डॅशबोर्ड, दार, इंजिन यांचे बरेच फोटो पाठवले आहेत.

आधी निकाल सांगतो. ग्राहकाचे चारही आक्षेप चुकीचे आहेत. मात्र तुमच्याच फोटोंत मला तीन-चार जागा दिसल्या ज्या कारखान्यातल्या नाहीत किंवा नसाव्यात. त्यांच्याकडे त्या ग्राहकाचं लक्षच गेलेलं नाही. त्यातली एक तर गाडी चालू करण्याआधी तपासलीच पाहिजे.

मुळात एक गोष्ट ध्यानात घ्या. टीडी ही नोव्हेंबर १९४९ ते १९५३ या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात जोडली गेली, पण तिथे दर वर्षी ‘यंदाचं मॉडेल’ काढायची पद्धत नव्हती. एखादा भाग सुधारला की तो एका नंबराच्या गाडीपासून बसवायला सुरुवात व्हायची. दिव्याचा बदल एका नंबरावर, हूडचा (म्हणजे कापडी टपाचा) दुसऱ्या, क्लचचा तिसऱ्या. हे सात-बाऱ्यावरच्या फेरफारासारखं आहे: जमीन तीच, पण कोणती नोंद कोणत्या क्रमांकापासून लागू झाली ते पाहिल्याशिवाय उतारा कळत नाही. म्हणून ‘टीडीला कोणते दिवे असतात’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘या नंबराच्या टीडीला कोणते दिवे होते’ असं विचारलं तरच उत्तर मिळतं. तुमचा ग्राहक एखाद्या शेवटच्या काळातल्या टीडीचा फोटो डोक्यात ठेवून तुमच्या गाडीसमोर उभा राहिला.

दुसरं म्हणजे ॲबिंग्डनला गाडीचे भाग बनत नव्हते, फक्त जोडले जात होते. इंजिन कोव्हेंट्रीहून यायचं, बॉडी कोव्हेंट्रीच्याच मॉरिस बॉडीजकडून यायची, दिवे-डायनॅमो लुकासचे, कार्बोरेटर एसयूचे. सरकता पट्टाही नव्हता. गाडी एका ठिकाणाहून पुढच्या ठिकाणी माणसं ढकलत न्यायची. अशा ठिकाणी नवा भाग आला म्हणून जुन्याचा उरलेला साठा कुणी भंगारात टाकत नाही. तो संपेपर्यंत बसवला जातो. त्यामुळे पुस्तकात बदलाचा नंबर कितीही काटेकोर छापलेला असो, त्याच्या आगेमागे थोड्या गाड्या इकडच्या-तिकडच्या सापडणारच. मी उमेदीची वर्षं वाळूजला टूलरूममध्ये काढली आहेत. डिझाइन बदलल्याचा कागद आणि प्रत्यक्ष रॅकमधला माल यांच्यात किती दिवसांचं अंतर पडतं, हे तिथे काम केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

आता तुमचे नंबर. चेसिसचा नंबर पंधरा हजारांच्या घरातला आहे. टीडीची मोजणी ०२५१ पासून सुरू होते, एकपासून नाही. एमजीच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर ॲबिंग्डन २५१ होता आणि त्यांनी नव्या मॉडेलची मोजणी त्याच आकड्यावरून सुरू करायची रीत पाळली. १९४९ मध्ये ९८ गाड्या झाल्या, १९५० मध्ये ४,७६७, १९५१ मध्ये ७,४५१, १९५२ मध्ये १०,८३८ आणि १९५३ मध्ये ६,५१०. एकूण २९,६६४. बेरीज करत गेलात तर १९५१ साल साडेबारा हजारांच्या आसपास संपतं, म्हणजे तुमची गाडी १९५२ च्या पूर्वार्धातली. आरसी बुकात १९५८ लिहिलेलं असलं तर तो तुमच्याकडच्या नोंदणीचा काळ आहे, बनावटीचा नाही.

इंजिनचा नंबर चेसिसच्या नंबरापेक्षा काही शेकड्यांनी पुढे आहे. असंच असायला हवं. इंजिनची मोजणी कोव्हेंट्रीत वेगळी चालायची, चेसिसची ॲबिंग्डनला वेगळी. टीडीमध्ये इंजिनचा आकडा साधारणपणे थोडा पुढेच असतो. दोन्ही आकडे तंतोतंत एक असलेली टीडी कुणी दाखवली तर मी उलट तिचीच पट्टी भिंगाखाली धरीन. ‘मॅचिंग नंबर’ या शब्दाचा अर्थ दोन्ही आकडे सारखे असणं हा नाही. कारखान्याच्या वहीत या चेसिसपुढे जे इंजिन लिहिलं होतं तेच आज गाडीत आहे, हा आहे.

टीडी२ चा घोळ तर पार इंग्लंड-अमेरिकेतही विकणाऱ्यांनी घातला आहे, तेव्हा तुमच्या ग्राहकाला एकट्याला दोष देत नाही. एक्सपीएजी/टीडी२ ही इंजिनची खूण आहे. इंजिन नंबर ९४०८ पासून क्लच सव्वासात इंचांवरून आठ इंचांवर नेला, आणि तेव्हापासून पट्टीवर टीडीच्या जागी टीडी२ आलं. एवढाच त्याचा अर्थ. टीडी मार्क टू ही गाडी निराळी. तिच्या चेसिस नंबरापुढे टीडी/सी असतं, कार्बोरेटर सव्वा इंचाऐवजी दीड इंची असतात, पेट्रोलचे पंप दोन, नेहमीच्या शॉकॲब्सॉर्बरच्या जोडीला घर्षणाचे जादा डँपर, आणि एअर क्लीनरला जागा मिळावी म्हणून बोनेटच्या उजव्या बाजूला एक फुगवटा. मागे नांदेडकडची एक टीडी ‘मार्क टू’ म्हणून माझ्याकडे तपासायला आली होती. बोनेटला फुगवटाही होता. बोनेट उघडून आतून हात फिरवला तर पत्र्यावर हातोडीचे वळ आणि कडेने पितळी वेल्डिंगची रेघ लागली. कारखान्यात तो भाग दाबून घडवलेला असतो. चेसिसवर /सी नव्हतंच. इंजिनवरच्या टीडी२ वरून कुणीतरी ती मार्क टू ठरवली आणि मग ठरवल्याप्रमाणे बोनेट घडवून घेतलं. सांगायचा मुद्दा असा की बदल पाहताना पत्र्याची आतली बाजू पाहिल्याशिवाय मत देऊ नये. बाहेरची बाजू सगळेच सारखी करतात.

तुमच्या इंजिनचा नंबर ९४०८ च्या बराच पुढे असल्यामुळे त्यावर टीडी२ नसतं तर शंका घ्यायला हवी होती.

मागचे दिवे: टीडीला सुरुवातीपासून चौकोनी होते. गोल दिवे १९५२ मध्येच आले, पण २१,३०० च्या आसपासच्या चेसिसपासून. तुमच्या गाडीला चौकोनीच बरोबर. कृपा करून ग्राहकाचं ऐकून मडगार्डला गोल दिव्यांसाठी भोकं पाडू नका. तसंच हूडचं. तुमच्या फोटोत हूडच्या सांगाड्याला दोन कमानी दिसतात. तीन कमानींचा हूड वीस हजारांच्या पुढचा, त्यामुळे तेही ठीक.

चाकांबद्दल: तारेची एकोणीस इंची चाकं टीसीला होती, टीडीच्या आधीच्या गाडीला. टीडीची चेसिस एमजीच्याच वाय प्रकारच्या सलूनवरून घेतलेली, पुढे स्वतंत्र कॉइल स्प्रिंग, रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, आणि चाकं पंधरा इंची पत्र्याची. अगदी सुरुवातीच्या गाड्यांत ती चाकं सपाट, बिनभोकांची होती. मग भोकांची आली. तारेची चाकं हवीहवीशी वाटतात म्हणून हजारो टीडींना नंतर लावली गेली, आणि तसले फोटो पाहून पाहून लोकांना तेच मूळचं वाटू लागलं. तुमच्याकडे भोकांची पत्र्याची पाच चाकं शाबूत आहेत. ही गाडीची जमेची बाजू आहे.

आता खऱ्या तपासणीकडे येतो. सुरुवात इंजिनपासून, कारण तिथेच मला काळजी वाटते.

तुम्ही लिहिलंय की फिटरने प्लग काढले तेव्हा ते पाऊण इंच आट्यांचे निघाले. टीडीच्या हेडला बराच काळ अर्ध्या इंचाचे, आखूड आट्यांचे प्लग होते. लांब आट्यांचे प्लग शेवटच्या काळात, इंजिन नंबर बावीस हजार ओलांडल्यावर आले. त्याच काळात हेडमधली पाण्याची लांबट भोकं जाऊन गोल भोकंही आली. तुमचं इंजिन त्याच्या कितीतरी आधीचं. म्हणजे दोन शक्यता राहतात. एक, कधीतरी नंतरच्या इंजिनचं हेड बसवलं गेलंय. दोन, हेड मूळचंच आहे आणि त्यात चुकीचे लांब प्लग पिळलेत. दुसरी शक्यता जास्त घातक आहे, कारण मग प्लगचे शेवटचे पाव इंच आटे ज्वलनकक्षात लोंबतात.

हे ओळखायला हेड उघडावं लागत नाही. काढलेला प्लग हातात घ्या आणि आट्यांची खालची टोकं बघा. वरचे आटे चकचकीत आणि तळाचे साधारण सहा मिलिमीटर काजळीने, कडक कार्बनने भरलेले असतील, तर तो भाग हेडच्या धातूत नव्हता, आगीत होता. काढताना प्लग सैल झाल्यावरही हलका न फिरता करकरत आला असेल तर तीही तीच खूण. कार्बन भरलेले आटे हेडच्या आट्यांतून ओढले जात असतात. आटे टोकापर्यंत एकसारखे स्वच्छ असतील तर हेड लांब प्लगचं, म्हणजे नंतरचं. यातलं काय ते ठरेपर्यंत गाडीला सेल मारू नका. फिटरला सांगा की तारेचा आकडा घालून हेडची जाडी प्लगच्या भोकातून मोजून घे.

हेड नंतरचं निघालं तर एक जोडकाम आहे. पाण्याच्या भोकांचा आकार ब्लॉकशी आणि गॅस्केटशी पडताळल्याशिवाय मुंबईहून गॅस्केटचा सेट मागवू नका. लांबट भोकांचं आणि गोल भोकांचं गॅस्केट दुकानदाराच्या लेखी एकच ‘एमजीचं गॅस्केट’ असतं.

त्याच्या जोडीला टॅपेटची पट्टी. हेडवरच्या झाकणाला एक छोटी पट्टी असते, तिच्यावर टॅपेटची फट छापलेली असते. तुमच्या फोटोत ०.०१९ इंच वाचता येतं. तुमच्या इंजिन नंबराला ते बरोबर आहे. पुढे इंजिन नंबर चोवीस हजारांच्या पलीकडे कॅमशाफ्ट बदलला आणि फट ०.०१२ झाली. पण झाकण दोन नटांवर बसतं, ते कुणीही कुठल्याही इंजिनवरून आणून बसवू शकतं. कॅम मात्र आतच राहतो. त्यामुळे हेड बदललेलं निघालं तर पट्टीवर विश्वास ठेवून टॅपेट लावू नका. कॅमची उचल डायल गेजने मोजून घ्या, लातूरला किंवा संभाजीनगरला चांगल्या इंजिन रिबोअरिंगवाल्याकडे हे होतं.

इंजिनची आठकोनी पितळी पट्टी ब्लॉकला रिबिटांनी बसवलेली असते. तुमच्या फोटोत रिबिटांची डोकी गोल, अनघड, सभोवती जुना रंग न तुटलेला दिसतो. हे चांगलं लक्षण. तरी पट्टी म्हणजे ब्लॉक नव्हे, म्हणून ब्लॉकलाच दोन प्रश्न विचारायचे. पहिला: तेलाचा फिल्टर पंपाच्या अंगातच आहे की वेगळा, नळीने जोडलेला? इंजिन नंबर चौदा हजारांच्या थोडं पुढे तो पंपाबरोबर एकत्र आला, म्हणून तुमच्याकडे एकत्रच हवा. फोटोत तसाच दिसतोय. दुसरा प्रश्न आपल्या देशापुरता खास आहे. हिंदुस्तान मोटर्सने सुरुवातीला हिंदुस्तान टेन नावाची गाडी काढली ती मॉरिस टेनची भावंड, आणि मॉरिस टेनच्या एम सिरीजचं इंजिन हे एमजीच्या या इंजिनचंच मूळ घराणं. पिस्टनचा फेरा दोन्हीकडे ९० मिमी. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मात्र मॉरिस टेनचा ६३.५ मिमी आणि क्षमता ११४० सीसी, एमजीचा ६६.५ मिमी आणि १२५० सीसी. एमजीचा ब्लॉक फुटला की टेनच्या घराण्यातला काही ना काही भाग जुळवून गाडी चालती करायची, ही त्या काळची सरळ वाट होती. हेड कधी उघडलंत तर व्हर्नियरने बोअर मोजा. टेनचा ब्लॉक दीड मिमीपर्यंत ओव्हरसाइज केलेला असला तरी पासष्टच्या आसपास थांबतो, आणि एमजीचा साडेसहासष्टच्या खाली येऊच शकत नाही. इथे संशयाला जागाच नाही.

हे बदल झाले ते लोकांच्या हौसेने नव्हे, हे इथे आवर्जून सांगतो. पन्नासच्या दशकात मोटारींची आयात जवळजवळ बंद झाली. जनरल मोटर्सने मुंबईतलं शिवडीचं जोडणीचं काम १९५४ मध्ये आवरलं. परदेशी सुटे भाग मिळेनासे झाले, आणि मराठवाड्यात तर मुंबईत मिळणारेही यायचे नाहीत. तुमच्या आजोबांना रात्री-अपरात्री पेशंटकडे जायचं असेल तर गाडी चालती ठेवणं भागच होतं. ज्या मिस्त्रींनी ती चालती ठेवली त्यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. फक्त ते काम कारखान्याचं म्हणून खपवू नये आणि कारखान्याचं काम त्यांच्या माथी मारू नये.

नट-बोल्टकडे या. ही खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण ती कुणी खोटी करायला बसत नाही. या इंजिनचे आटे मेट्रिक आहेत, पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्लिश इंची मापाची. ऐकायला विचित्र वाटतं, त्याचं कारण असं: कोव्हेंट्रीचा तो इंजिन कारखाना मुळात पहिल्या महायुद्धात तिथे आलेल्या हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. मशिनरी फ्रेंच, त्यामुळे आटे मेट्रिक पडायचे. मॉरिसने १९२३ मध्ये तो विकत घेतला. मशिनी बदलणं परवडणारं नव्हतं, पण गावोगावच्या इंग्लिश गॅरेजात पाने व्हिटवर्थचे, म्हणून डोकी तेवढी व्हिटवर्थची ठेवली. ती रीत टीडीच्या इंजिनपर्यंत टिकली.

याचा उपयोग असा. इंजिनवरचे बरेचसे आठ मिलिमीटरचे बोल्ट एक मिमी पिचचे, म्हणजे दोन आट्यांत एक मिमी अंतराचे, आहेत. आजच्या बाजारातला आठचा बोल्ट सव्वा मिमी पिचचा. तो दोन वळसे जाऊन अडतो. पुढे जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे जातात, आणि मग मिस्त्री सव्वाचा टॅप मारून मोकळा होतो. डोक्याचं मापही बोलतं: मूळच्या डोक्याला तेराचा पाना बसत नाही आणि चौदाचा सैल होतो, कारण ते १३.३ मिमीच्या आसपास आहे. तेव्हा इंजिनवरून एक तेराचा पाना फिरवा. जिथे जिथे तो नीट बसेल तो बोल्ट नंतरचा. तुमच्या साइड कव्हरच्या फोटोत मला एका रांगेत दोन निराळ्या जातींची डोकी दिसतात. तिथे कुणीतरी उघडलं आहे. चेसिसवर मात्र बीएसएफ, म्हणजे बारीक इंची आटे, तेव्हा खालच्या बाजूला मेट्रिक आटे लागले तर तेच नंतरचे. वर जो नियम तो खाली उलटा, हे फिटरला आधी सांगून ठेवा.

दाराचा खांब. टीडीची बॉडी म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेला पत्रा, आणि ते लाकूड ॲश. फिकट, जवळजवळ पांढुरकं, लांब ठळक रेषांचं. तुमच्या डाव्या दाराच्या मागच्या खांबाच्या फोटोत लाकूड सोनेरी तपकिरी आहे. माझी जवळपास खात्री आहे की ते सागवान आहे. आतून न दिसेल अशा जागी ब्लेडने थोडं खरवडा; सागाला तेलकट स्पर्श आणि चामड्यासारखा वास येतो, ॲशला तसं काही नाही. उजव्या बाजूचा खांब फिकट दिसतो, तो मूळचा असावा. दोघांचे सांधे तोलून पाहा: मोजमाप, स्क्रूंची जागा, पत्रा कुठे दुमडलाय. इथल्या सुताराने मूळ कुजका खांब समोर ठेवून सागाचा बनवला असेल तर मापं बरोबर येतात आणि दार आजही नीट लागतं. तुमचं लागतंय असं तुम्ही लिहिलंत. मी असतो तर तो खांब बदलला नसता. नोंद केली असती आणि राहू दिला असता.

डॅशबोर्डवर उजवीकडे एक जादा गोल मीटर आहे, पाण्याच्या तापमानाचा. सुरुवातीच्या टीडींना असा मीटरच नव्हता. मधल्या काळात कारखान्याने तो तेलाच्या दाबाच्या मीटरमध्येच जोडून दिला, वेगळं भोक पाडून नव्हे. तेव्हा तुमचा सुटा मीटर इथे बसवलेला, आणि का बसवला हे मे महिन्यात बालाघाटाचा चढ चढलेल्या माणसाला विचारायला नको. त्या मीटरमागे भोकाची कड बोटाने चाचपा. कारखान्याचं भोक पंचाने पडलेलं, कड गुळगुळीत, तिच्यावर रंग चढलेला. हाताने कापलेल्या भोकाला कानसीच्या आडव्या रेघा आणि उघडं लोखंड असतं.

तारखांबद्दल थोडक्यात. लुकासच्या डायनॅमो आणि स्टार्टरच्या अंगावर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं, बारीक अक्षरांत, बऱ्याचदा ग्रीसखाली. रॉकेलचा बोळा फिरवा, पॉलिश पेपर नको. गाडीच्या आधीच्या काही महिन्यांतली तारीख निघाली तर उत्तम. नंतरची निघाली तर भाग बदललाय, वादच नाही. विंडस्क्रीनच्या काचेवर ट्रिपलेक्स या काच कंपनीचा शिक्का असेल तर अक्षरांभोवतीचे बारीक ठिपके पाहा आणि सरळ समोरून, मागे काळं कापड धरून फोटो काढा. ते ठिपके वर्ष आणि तिमाही सांगतात.

मग एखादा भाग अगदी सीमेवर निघाला तर? म्हणजे बदल एका नंबरावर झाला आणि गाडी त्याच्या शंभर-दोनशे आगेमागे. अशा वेळी मी छापील नंबराला शेवटचा शब्द मानत नाही. मी तो भाग कधी हलवला गेलाय का ते पाहतो. स्क्रूची खाच ओरबाडलेली नाही, भागाच्या खाली गाडीचा पहिला रंग आहे, तारखेचा ठसा गाडीच्या थोडा आधीचा आहे, आणि भाग बसण्यासाठी जास्तीचं भोक पाडावं लागलेलं नाही. या गोष्टी एकत्र आल्या तर तो कारखान्याने बसवलाय असं मी लिहून देतो, पुस्तक काही म्हणो. नुसता एक पुरावा असेल तर नाही. आणि सीमेपासून दोन-चार हजार दूर असेल तर मग कितीही जुना दिसला तरी नाही.

पुस्तक म्हणजे कोणतं, हेही सांगतो. जाहिरातीचं रंगीत पत्रक पुरावा म्हणून वापरू नका. त्यातल्या गाड्या बऱ्याचदा पहिल्या नमुन्याच्या असतात आणि छायाचित्रावर ब्रश फिरवलेला असतो. कारखान्याची सुट्या भागांची यादी घ्या. तिच्यात भागापुढे अमुक चेसिसपर्यंत, तमुक इंजिनपासून असं लिहिलेलं असतं. वर्कशॉप मॅन्युअल दुय्यम. इंग्लंडमध्ये गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, त्यांच्या दफ्तरात अनेक इंग्लिश कारखान्यांच्या उत्पादनाच्या वह्या आहेत आणि त्यावरून ते दाखला देतात: गाडी कधी बनली, रंग कोणता, इंजिन कोणतं, कुठे पाठवली. तुमचा नंबर कळवून विचारा. आणि घरातले अल्बम काढा. लग्नाच्या वरातीत गाडी असणारच. ते फोटो दुकानात नीट स्कॅन करून मोठे करा. चाकं, हूड, डॅशबोर्ड कोणत्या वर्षी कसे होते याचा त्याहून पक्का पुरावा तुम्हाला कुणी देणार नाही.

दुसऱ्या गाड्या असणाऱ्यांसाठी दोन ओळी. पद्धत तीच राहते, खुणा बदलतात. जग्वार एक्सके १२० च्या पहिल्या सुमारे २४० गाड्यांची बॉडी ॲल्युमिनियमची, नंतरची लोखंडी पत्र्याची. तिथे लोहचुंबक पुरतं. जग्वारच्याच ई-टाइपच्या १९६१ च्या पहिल्या गाड्यांना बोनेटची कडी बाहेरून, आणि पायाखालचा पत्रा सपाट. एमजीच्याच पुढच्या काळातल्या एमजीबीचं इंजिन १९६४ च्या अखेरीस तीन बेअरिंगचं होतं ते पाच बेअरिंगचं झालं, पण दाराची ओढायची मूठ १९६५ पर्यंत राहिली, म्हणजे मधल्या काळात पाच बेअरिंग आणि ओढायची मूठ असलेली गाडी अगदी अस्सल असते.

नोंदणीचाही विचार करा. केंद्राने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली खासगी गाडी असेल तर ‘व्हीए’ मालिकेत नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. रोजच्या वापराला ती गाडी काढता येत नाही. या कामासाठी गाडीची स्थिती लिहून ठेवलेली असेल तर आरटीओत उत्तरं देणं सोपं जातं.

म्हणून आत्ता करायचं काम असं. सँडब्लास्टिंग, रंग, क्रोम, काहीही सुरू करू नका. ब्लास्टिंगने पहिल्या रंगाचा पुरावा, पंचाच्या ठशांची धार आणि पट्टीखालचा पत्रा एका दुपारी जातो. एक वही घाला. डावीकडे भाग, मग तुमच्या नंबराला कारखान्यात काय असायला हवं, मग प्रत्यक्ष काय आहे, मग तुम्ही ते कशावरून म्हणता. चेसिसचा ठसा तुम्ही छान घेतलाय. तसाच बॉडीच्या आणि इंजिनच्या पट्टीचा घ्या, मऊ पेन्सिलने, पातळ कागदावर, आणि वर सेलोटेप लावून ठेवा. काढलेला एकही बोल्ट फेकू नका. इंजिनचे आणि चेसिसचे निरनिराळ्या डब्यांत ठेवा.

ग्राहकाला उत्तर लेखी द्या. नंबर, दिवे, चाकं, टीडी२ या चारही बाबतीत गाडी कारखान्यातून आली तशी आहे, हे वरच्या आकड्यांसह लिहा. त्याच पत्रात सागवानी खांब, जादा मीटर, साइड कव्हरचे बदललेले बोल्ट आणि हेडबद्दलची शंका हेही स्वतःहून लिहा. ही चार कामं दुरुस्त होण्यासारखी किंवा ठेवून देण्यासारखी आहेत, त्यांनी किंमत निम्मी होत नाही. आणि प्लगच्या तळाचा फोटो मला आधी पाठवा, जवळून, उजेडात, शेजारी पट्टी ठेवून. हेड कोणतं ते ठरल्याशिवाय इंजिनवर पुढचं काही सांगणं बरोबर होणार नाही.